फुलकिड्यांचा एकच जबडा

कांदा उग्र असल्यामुळे त्याला कीड लागत नाही, असे पुष्कळांना वाटते. कापलेला कांदा खोलीत ठेवल्यास तो रोगजंतू शोषून घेतो, ही समजूतही याच उग्रपणावर पोसलेली आहे आणि तिला कसलाही शास्त्रीय आधार नाही. पेशी फुटल्यावर कांद्यात तयार होणाऱ्या गंधकयुक्त संयुगांमुळे काही कीटक दूर राहतात हे खरे. पण कांदामाशी त्याच वासाचा माग काढत येऊन रोपाच्या बुंध्याशी अंडी घालते, आणि फुलकिडे तर कांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदतात.

फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा असतो. पांढऱ्या कागदावर पात झटकली की फिकट पिवळ्या, सरकणाऱ्या बारीक रेघा दिसतात, तीच त्याची पिल्ले. त्याच्या तोंडाची रचना विलक्षण आहे. बहुतेक चावणाऱ्या कीटकांना जबड्यांची जोडी असते. फुलकिड्याचा उजवा जबडा मात्र गर्भावस्थेतच विरून जातो. उरलेल्या डाव्या, सुईसारख्या जबड्याने तो पातीच्या पेशीला भोक पाडतो, मग दोन बारीक शलाका जुळून झालेली नळी त्या भोकात घालून पेशीतला सारा रस ओढून घेतो. मावा रसवाहिनीपर्यंत सोंड खुपसून एका जागी बसतो. फुलकिडा एकामागून एक पेशी रिकामी करत पुढे सरकतो. रिकाम्या पेशींत हवा भरते, हरितद्रव्य गेल्याने प्रकाश शोषला न जाता परत फिरतो आणि पातीवर चंदेरी चट्टे उमटतात. त्यांवरचे काळे ठिपके ही त्याची विष्ठा. अशा पातीत प्रकाशसंश्लेषण मंदावते, कांदा पोसत नाही, आणि जखमांतून जांभळ्या करप्याच्या बुरशीला वाट मिळते. आयरिस यलो स्पॉट हा विषाणूही फुलकिडेच पसरवतात; मात्र तो पिल्लाच्या अवस्थेतच अंगात शिरलेला असावा लागतो, मोठेपणी रोगट पात खाऊन प्रौढ किडा वाहक होत नाही.

एका फवारणीत सफाया करण्याचे दावे फोल का ठरतात, हे यावरून उमगावे. अंडी पातीच्या आत रोवलेली असतात, पिल्ले मधल्या पातींच्या बेचक्यात दडतात आणि कोशावस्था बहुधा मातीत जाते, त्यामुळे औषध एका वेळी थोड्याच किड्यांपर्यंत पोहोचते. पातीवरच्या मेणामुळे थेंब ओघळून जातात, म्हणून द्रावणात चिकटद्रव मिसळावे लागते. त्यातच अनेक ठिकाणी माद्या नराविनाच प्रजा वाढवतात, म्हणून औषधाला दाद न देणारी एक मादी वाचली तरी तिच्या लेकीही तशाच निपजतात. यासाठी नुसते नाव बदलून उपयोग नाही, औषधाची क्रिया करण्याची पद्धतच आलटून पालटून बदलावी लागते.

फवारणीखेरीजचे उपायही खरोखर उपयोगी आहेत. तुषार सिंचनाने किडे धुऊन निघतात, पेंढ्याच्या आच्छादनाने त्यांची संख्या घटते आणि कमी मेणाच्या, चकचकीत पातीच्या वाणांवर ते कमी आढळतात. पायरेथ्रॉइड गटातील औषधांच्या सरसकट फवारण्यांना मात्र माझा विरोध आहे, कारण त्यांत फुलकिडे खाणारे क्रायसोपाच्या अळ्यांसारखे मित्रकीटकही मरतात. या मित्रांमध्ये काही फुलकिडेच आहेत: पंखांवर काळे-पांढरे पट्टे असलेले, आपल्याच जातभाईंच्या पिल्लांवर जगणारे.