भयपटांतील वंश आणि वर्ग

भयपटांतील वंश आणि वर्ग : समाज कोणाला भितो आणि कोणाच्या भीतीला किंमत देतो, हे भयपटांतून फार उघडपणे दिसते. या नोंदीत मुख्यतः अमेरिकी चित्रपटांचा विचार केला आहे. राक्षस कोण, बळी कोण, शेवटी जिवंत कोण उरतो, हे प्रश्न अभ्यासक नेहमी विचारतात. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारला, तर वंश आणि वर्ग हे दोन्ही धागे एकाच जागी येऊन मिळतात : हे घर, ही जमीन कोणाची? साखरमळा, शेतघर, मॉल, सरकारी वसाहत, उपनगरातला बंगला अशा जागांच्या मालकीतूनच अमेरिकी भयपटातली भुते उठतात.

मळ्यावरचे मुडदे : कॅरिबियन समुद्रातल्या हैती या देशाच्या लोककथांतला झोंबी माणसे खात नाही. तो मेल्यावरही मालकासाठी राबत राहतो. फ्रेंच मळ्यांवर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांची ही भीती होती, की मरणानेही आपली सुटका होणार नाही. १९१५ ते १९३४ या काळात हैती अमेरिकेच्या लष्करी ताब्यात होता आणि तिथे रस्ते बांधण्यासाठी गावकऱ्यांना वेठीस धरले गेले. त्याच काळात, १९३२ साली, व्हिक्टर हॅल्परिन यांचा ‘व्हाइट झोंबी’ पडद्यावर आला. बेला लुगोसीने रंगवलेला मांत्रिक आपल्या साखरेच्या गिरणीत मुडद्यांना जुंपतो आणि एका मळेवाल्याला सुचवतो, की तुम्हीही असेच मजूर ठेवा, ते जादा तासांची कुरकुर करत नाहीत. एक मजूर चरकात पडतो. बाकीचे थांबत नाहीत आणि चरकही थांबत नाही. नफ्यासाठी माणूस कसा भरडला जातो, याचे इतके नेमके दृश्य त्या काळच्या सिनेमात क्वचितच सापडेल. पण चित्रपटाला त्या मजुराशी काही देणेघेणे नाही. त्याचा सगळा जीव एका गोऱ्या नववधूत अडकलेला आहे. काळ्या माणसांनी मेल्यावर राबणे हा देखावा, आणि गोरी बाई तशी झाली की अनर्थ, असा त्याचा हिशेब आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘किंग काँग’मध्ये दूरच्या बेटावरचा काळा महाकाय वानर गोऱ्या तरुणीला पळवतो आणि मग साखळदंडांत बांधून जहाजाने न्यूयॉर्कला आणला जातो.

निर्माता व्हॅल ल्यूटन आणि दिग्दर्शक झाक तुर्नर यांचा ‘आय वॉक्ड विथ अ झोंबी’ (१९४३) याला मोठा अपवाद आहे. त्यातल्या कॅरिबियन बेटावर मळेवाल्यांच्या अंगणात गुलामांच्या जहाजावरची जुनी मूर्ती उभी आहे. नव्याने आलेली गोरी परिचारिका गाडीवानाला म्हणते, की तुमच्या पूर्वजांना निदान सुंदर जागी तरी आणले. गाडीवान इतकेच म्हणतो, की आपण म्हणता तर तसे असेल. त्या एका उत्तरात सगळा मळा उघडा पडतो.

शेतघर आणि मॉल : जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) पेनसिल्व्हेनियात अत्यंत तुटपुंज्या पैशांत तयार झाला. नायक बेनची भूमिका कृष्णवर्णीय नटासाठी म्हणून लिहिलेली नव्हती. ड्वेन जोन्स चाचणीत सर्वांत चांगला ठरला, म्हणून त्याला घेतले. उठलेले मुडदे बाहेर, सात माणसे शेतघराच्या आत, आणि आत भांडण चालते ते हुकूम कोणाचा यावर. तळघरात लपू पाहणाऱ्या कूपरला बेन बजावतो, की खाली हवे तर तू मालक हो, इथे वर मी आहे. बेनच्या रंगाबद्दल चित्रपटात कोणी चकार शब्द काढत नाही. १९६८ साली मात्र एक काळा माणूस गोऱ्या माणसांना हुकूम देतो, गोऱ्या तरुणीला थप्पड मारतो आणि गोऱ्या कुटुंबप्रमुखावर गोळी झाडतो हे पाहताना, तो रंग विसरणे कोणालाही शक्य नव्हते.

बेन रात्र काढतो. सकाळी बंदुका घेतलेली गोऱ्यांची टोळी येते, खिडकीत हललेली आकृती मुडद्याची समजते आणि त्याला ठार करते. शेवटी दिसतात ती रवाळ स्थिरचित्रे : आकड्याने ओढलेले प्रेत, सभोवती उभे पुरुष, लाकडांचा ढीग. अमेरिकेच्या दक्षिणेत जमावाने ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांची, म्हणजे झुंडबळींची, छायाचित्रे पोस्टकार्डांवर छापून विकली जात असत, आणि ही चित्रे थेट तशीच दिसतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. वंशाबद्दल काही म्हणण्याचा हेतू नसताना वंशाबद्दल इतके बोलून गेलेला दुसरा भयपट दाखवणे अवघड आहे.

दहा वर्षांनी ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये रोमेरो यांनी हेतुपुरस्सर लिहिले. चित्रपटाच्या सुरुवातीला पोलीस गरीब कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन रहिवाशांच्या इमारतीवर धाड घालतात, आणि एक पोलीस शिव्या देत दिसेल त्याला गोळ्या घालत सुटतो. वाचलेले चौघे मॉलचा ताबा घेतात. मुडदेही सवयीने तिथेच येतात. मोटारसायकलवरची टोळी मॉल लुटायला आल्यावर चौघांपैकी एक जण हे आमचे आहे, आम्ही घेतले आहे, म्हणून गोळीबार सुरू करतो. जग बुडाले तरी त्याच्या डोक्यातला सातबारा शाबूत आहे.

वर्गाची भीती उलट्या दिशेनेही वाहते. टोब हूपर यांच्या ‘द टेक्सास चेनसॉ मॅसकर’मध्ये (१९७४) माणसांना कापणारे कुटुंब कत्तलखान्यात काम करणाऱ्यांचे आहे. तिथे घणाच्या जागी नवे यंत्र आले आणि माणसे बेकार झाली, असे त्यांच्यातलाच एक सांगतो. ग्रामीण गरीब गोऱ्यांना राक्षस करणारे पुढचे कितीतरी चित्रपट हे कारण गाळून फक्त करवत उचलतात. समीक्षक रॉबिन वुड यांनी सत्तरच्या दशकातल्या या भयपटांविषयी मांडले, की समाज जे दडपतो तेच राक्षस होऊन परत येते.

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या वाट्याला मात्र दफनभूमीच आली. ‘द शायनिंग’मधले (१९८०) आलिशान हॉटेल अशाच जमिनीवर बांधलेले आहे. जमीन कोणाची होती ते एका वाक्यात उरकायचे, आणि त्या लोकांपैकी एकालाही पडद्यावर आणायचे नाही, ही रीत पुढे रूढ झाली. याच चित्रपटात कृष्णवर्णीय आचारी हॅलोरन फ्लोरिडाहून बर्फ तुडवत गोऱ्या मुलाला वाचवायला येतो आणि आल्याआल्या कुऱ्हाडीने मारला जातो. मूळ कादंबरीत तो जगतो.

काब्रिनी ग्रीन : बर्नार्ड रोझ यांचा ‘कँडीमॅन’ (१९९२) क्लाइव्ह बार्कर यांच्या लिव्हरपूलमध्ये घडणाऱ्या कथेवरून घेतलेला आहे. रोझ यांनी ती शिकागोच्या काब्रिनी ग्रीन या गरिबांसाठीच्या सरकारी वसाहतीत आणली, आणि तिच्यातला वर्गाचा प्रश्न वंशाच्या प्रश्नाशी कायमचा जोडला गेला. चित्रपटातले भूत, कँडीमॅन, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामाचा चित्रकार मुलगा. गोऱ्या मुलीवर प्रेम केले म्हणून जमावाने त्याचा हात कापला आणि अंगाला मध फासून मधमाश्यांच्या तोंडी दिले. संशोधक हेलनला आढळते, की ती राहते ती महागडी इमारत मुळात काब्रिनी ग्रीनसारखीच सरकारी वसाहत म्हणून बांधलेली. श्रीमंत वस्तीपासून तोडणारा रस्ता किंवा रेल्वेमार्ग मध्ये नव्हता, म्हणून ती रंगरंगोटी करून विकली गेली. न्हाणीघराच्या आरशामागून शेजारच्या घरात घुसता येते, हा तपशीलही शिकागोच्याच दुसऱ्या एका वसाहतीत १९८७ साली झालेल्या खुनातून आलेला आहे. इतके सगळे दिसत असूनही चित्रपट शेवटी गोऱ्या बाईच्या मागे लागलेल्या काळ्या पुरुषाच्या जुन्या चित्राकडेच वळतो, आणि वसाहतीतली माणसे तिच्या गोष्टीची पार्श्वभूमी होतात. काब्रिनी ग्रीनचा शेवटचा मनोरा २०११ मध्ये पाडला गेला. निया डकोस्टा यांच्या २०२१ च्या ‘कँडीमॅन’चा नायक त्याच परिसरातल्या नव्या काचेच्या घरात राहतो.

पाहुणा : रॉबिन मीन्स कोलमन यांनी ‘हॉरर न्वार’ (२०११) या ग्रंथात एक उपयुक्त भेद केला आहे. कृष्णवर्णीय पात्रे असलेले भयपट वेगळे, आणि त्यांच्याच अनुभवातून जन्मलेले भयपट वेगळे. दुसऱ्या प्रकारात बिल गन यांचा ‘गांजा अँड हेस’ (१९७३) येतो आणि जॉर्डन पील यांचा ‘गेट आउट’ही (२०१७). सुमारे ४५ लाख डॉलरमध्ये झालेल्या ‘गेट आउट’ने जगभरात २५ कोटींहून अधिक कमावले, आणि मूळ पटकथेचे ऑस्कर मिळवणारे पील हे पहिले कृष्णवर्णीय लेखक ठरले. इथला राक्षस म्हणजे सुशिक्षित, श्रीमंत, गोड बोलणारे गोरे कुटुंब. कृष्णवर्णीय तरुण क्रिस आपल्या गोऱ्या प्रेयसीच्या या घरी पाहुणा म्हणून येतो. ओबामांना तिसऱ्यांदाही मत दिले असते, असे तिचे वडील आपणहून सांगतात. बागेत पाहुणे जमतात आणि मूकपणे क्रिसच्या देहाचा लिलाव करतात. खुर्चीला जखडलेला क्रिस, संमोहित करणारा आवाज ऐकू येऊ नये म्हणून, हातांखालचा कापूस उपसून कानांत भरतो आणि त्यामुळेच वाचतो. कापूस वेचणाऱ्या गुलामांची स्मृती त्या कृतीत आहे, आणि पील ती एकाही शब्दाने समजावून सांगत नाहीत. शेवटी पोलिसांच्या गाडीसारखा दिवा दिसतो तेव्हा प्रेक्षकांच्या पोटात गोळा येतो, कारण पोलीस आले म्हणजे सुटका झाली, असे या नायकाच्या बाबतीत कोणालाच वाटत नाही. चित्रित झालेल्या पहिल्या शेवटात क्रिसला अटकच होते.

भारतीय संदर्भ : वंशाची चौकट इथे जशीच्या तशी लागू होत नाही, इथे जात आहे. राहुल सदाशिवन यांच्या मल्याळम ‘भ्रमयुगम’मध्ये (२०२४) गुलामीतून निसटलेला, पाणन या गायक जातीतला तेवन एका जीर्ण ब्राह्मणी वाड्यात आश्रय घेतो. मालक त्याला आग्रहाने बसवतो, सोंगट्यांच्या डावात त्याचे आयुष्यातले दिवसच जिंकून घेतो, आणि मग वाड्याचे दार त्याच्यासाठी बंद होते. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) कोकणातला वाडा आणि त्यातले सोने एका घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या गिळते. आदित्य सरपोतदार यांच्या मराठी ‘झोंबिवली’त (२०२२) डोंबिवलीतला नवा टॉवर आणि शेजारची वस्ती यांच्यामधला प्रश्न पाण्याचा आहे.