एक सेन्सर जास्तीचा, एक सांधा जास्तीचा

जळगाव-धुळ्याकडे स्पोर्ट्स कारची हौस आता नवलाची राहिलेली नाही. सेकंड हँड टू-सीटर मुंबई-पुण्याहून आणायची आणि डॅशबोर्डवर पहिलं काय लावायचं, तर ऑइल प्रेशरचं मीटर. हौस रास्त आहे, कारण कंपनीने दिलेला लाल दिवा फार उशिरा बोलतो. बहुतेक गाड्यांत त्याच्यामागे नुसता एक स्विच असतो. दाब 0.3 ते 0.5 बारच्या खाली उतरला की स्विच जोडला जातो आणि दिवा पेटतो. गॅरेजात ज्याला एक किलो म्हणतात, तो साधारण एक बार. सहा हजार आरपीएमला ज्या इंजिनाला चार-पाच किलो लागतात, तिथे एकच किलो उरला तरी हा दिवा ढिम्म. आमच्याकडचे फिटर सांगतातच, ‘‘भो, दिवा लागला म्हणजे काम झालंच समज.’’

पण मीटर काय मोजतं ते आधी पाहू. ऑइल पंप दाब तयार करत नाही. तो फक्त तेल पुढे ढकलतो. पुढची वाट अरुंद म्हणून दाब चढतो. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला हे समजवावं लागत नाही. ड्रिपचा व्हॉल्व्ह बंद करून मोटर चालू ठेवली की फिल्टरजवळचा काटा झपकन वर जातो आणि झाडाला मात्र थेंब मिळत नाही. इंजिनातही तसंच आहे. काटा वर आहे म्हणजे तेल सगळीकडे पोचतंय असं नाही. आणि फिल्टरच्या अलीकडे घेतलेला दाब बेअरिंगची हालहवाल सांगत नाही. मीटरला दाब कळवणारा सेन्सर फिल्टरच्या पलीकडच्या मुख्य गॅलरीवर, म्हणजे बेअरिंगांना तेल पुरवणाऱ्या ब्लॉकमधल्या वाटेवर हवा. कंपनीचा स्विच बहुधा तिथेच असतो, त्यामुळे जागा शोधत बसावं लागत नाही.

क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते, आणि चालत्या इंजिनात दोन्ही धातू एकमेकांना टेकत नाहीत. हे कळलं ते रेल्वेमुळे. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बीचम टॉवर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालण्यासाठी त्याने वरच्या बाजूला भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी तिथूनच उसळून बाहेर यायला लागलं. बूच मारलं, तेही उडालं. शेवटी त्याने तिथे प्रेशर गेज लावलं आणि काटा 200 पीएसआयच्या (दाबाचं इंग्रजी माप, एक किलो म्हणजे साधारण 14 पीएसआय) खुणेपलीकडे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र 100 पीएसआयच्या आसपास होता. फिरता आस स्वतःच तेल पाचरीसारखं ओढून घेतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो. त्याचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने 1886 मध्ये मांडलं. म्हणजे भार उचलणारा दाब वेगळा, तो बेअरिंगच्या आत आपोआप तयार होतो. आपलं मीटर दाखवतं तो पुरवठ्याचा दाब. पुरवठा तुटला की पाचर मोडते आणि धातूला धातू लागतो. भुसावळ यार्डाजवळ वाढलेल्या जुन्या मंडळींना ‘गरम धुरा’, म्हणजे तेलाअभावी तापलेलं डब्याच्या आसाचं बेअरिंग, काय प्रकार असतो ते ठाऊक असेल.

खान्देशच्या उन्हाळ्याचा इथे थेट संबंध येतो. नेहमीचं 5डब्ल्यू-30 तेल 40 अंशांना जितकं घट्ट असतं, त्याच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकंच 100 अंशांना उरतं, आणि पुढेही पातळ होत जातं. हवेवर चालणारा ऑइल कूलर असेल तर बाहेर 25 ऐवजी 45 अंश झाले की तेलही तेवढ्याच भार-वेगाला जवळपास 20 अंश जास्त तापतं. म्हणून मे महिन्यात भुसावळच्या सिग्नलला काटा डिसेंबरपेक्षा खाली दिसला तर घाबरू नये. गरम इंजिन आयडलला एक-दीड किलो दाखवत असेल तर बहुतेक गाड्यांत ते ठीक. तुमच्या गाडीचा खरा आकडा वर्कशॉप मॅन्युअलात असतो. हजार आरपीएममागे दहा पीएसआय हा जुना ठोकताळा, ठोकताळा म्हणूनच वापरावा.

दुसरा मामला वळणांचा. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना नेहमीच्या वेगाने चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या भांड्यातलं, तेल थोडं कलतं, बास. पण ट्रॅकवर चिकट टायरांनी एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं, आडवं त्वरण मिळालं तर तेलाचा पृष्ठभाग 45 अंशांत उभा राहतो. पिकअपची, म्हणजे पंपाच्या तेल ओढणाऱ्या नळीची, जाळी उघडी पडली की पंप हवा ओढतो. पोर्शे 911 सारख्या गाड्यांत ड्राय संप, म्हणजे तेल इंजिनाखालच्या भांड्याऐवजी वेगळ्या साठ्यात ठेवायची सोय, असतो तो याच कारणाने. हवेचा घोट सेकंदापेक्षाही कमी वेळ टिकतो, काट्याला तो दिसतोच असं नाही, आणि दिसला तरी त्या क्षणी तुमची नजर रस्त्यावर असते. म्हणून आरपीएमप्रमाणे मर्यादा बदलणारा अलार्म मला काट्यापेक्षा मोलाचा वाटतो.

आता बसवण्याकडे, कारण घोळ होतो तो इथेच. इंजिन वाचवायला लावलेला सेन्सर म्हणजे दाबाखालच्या गरम तेलात केलेला एक नवा सांधा. हिशेब करून पाहा: तो तुटला तर चार बार दाबाला 4 मिलिमीटरच्या भोकातून कागदावर मिनिटाला चौदा लिटरच्या घरात तेल जातं. पाच लिटरचं चेंबर वीस-बावीस सेकंदांत कोरडं. आणि ते तेल लालबुंद एक्झॉस्टवर पडलं तर इंजिनाची नव्हे, गाडीच्या आगीची गोष्ट होते.

सगळ्यात फसवे असतात आटे. एक-अष्टमांश एनपीटी (अमेरिकन पाइपचे आटे), एक-अष्टमांश बीएसपी (ब्रिटिश पाइपचे) आणि एम10 बाय 1 (मेट्रिक) हे तीन निपल शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. तिघांचाही व्यास दहा मिलिमीटरच्या आसपास. पण पहिल्यात इंचाला 27 आटे, दुसऱ्यात 28, आणि तिसऱ्यात आट्यांमधलं अंतर बरोबर एक मिलिमीटर. चुकीचा निपल पहिले दोन फेरे हाताने गुमान बसतो, मग अडतो. तिथे पाना लावून जोर केला की अॅल्युमिनियमचे आटे गेले, नाहीतर हाउसिंगला बारीक चीर गेली. आटे मोजायची पट्टी, म्हणजे पिच गेज, स्वस्त मिळते. ती लावल्याशिवाय पाना उचलू नये. निमुळते आटे असतील तर हाताने घट्ट झाल्यावर दीड-दोन फेरे पुरतात. सरळ आट्यांत तेल अडवतो तो तांब्याचा वायसर. टेफ्लॉन टेपचा तुकडा गॅलरीत गेला तर छोट्या ऑइल-जेटमध्ये अडकू शकतो, म्हणून पहिले दोन आटे कोरे ठेवावेत, किंवा आट्यांना लावायचं सीलंट वापरावं. ब्लॉकला नवं भोक पाडायच्या भानगडीत तर पडूच नये.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ब्लॉकवर पितळी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून तिच्या टोकाला जड सेन्सर लोंबकळत ठेवणं. चार सिलेंडरचं इंजिन सहा हजार आरपीएमला सेकंदाला 200 वेळा थरथरतं. तासाला 7,20,000 हिसके. एवढे हिसके निपलच्या मुळाशी, जिथे आट्यांनी भिंत आधीच पातळ केलेली असते, तिथे जमतात. पितळ वाकत नाही, एके दिवशी तुटतं. त्यापेक्षा स्टीलची जाळी असलेला होज घेऊन सेन्सर बॉडीवर पक्का करावा. होज एक्झॉस्टपासून लांब, कुठे घासणार नाही असा न्यावा, आणि इंजिनाकडच्या तोंडाला एक मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे बारीक भोकाचा अडसर, घालावा. सेन्सरला तेल वाहून लागत नाही, फक्त दाब लागतो, त्यामुळे स्थिर आकड्यात फरक पडत नाही. होज फाटला तर मात्र मघाचे चौदा लिटर एका लिटरच्याही खाली येतात, आणि गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायला सवड मिळते. तेलाची नळी थेट केबिनमध्ये आणणारं जुन्या पद्धतीचं मेकॅनिकल मीटर मी तरी सुचवणार नाही.

वायरिंगचं काम त्यामानाने सोपं. एकच तार असलेला सेन्सर स्वतःच्या बॉडीतून अर्थिंग घेतो, म्हणून तो होजवर लावला की वेगळी अर्थ वायर द्यावी लागते. तीन तारांचा, 0.5 ते 4.5 व्होल्ट देणारा सेन्सर जास्त भरवशाचा. रेंज दहा बारची घ्यावी, कारण थंडीत सकाळी स्टार्ट करताना दाब नेहमीपेक्षा वर जातो. फ्यूज विसरू नये. आणि कंपनीचा जुना स्विच काढून टाकू नये. मीटर बिघडलं तर शेवटी तो लाल दिवाच उरतो.

बसवल्यावर आयडलला सांधा कोरड्या फडक्याने पुसून पाहावा, इंजिन पूर्ण तापल्यावर पुन्हा, आणि शंभर-दोनशे किलोमीटरनंतर थंड इंजिनावर आणखी एकदा. पुढे कधी काटा अचानक पडला तर आधी इंजिन बंद करावं, तेलाची पातळी बघावी, मग गॅरेजातलं हातातलं मेकॅनिकल गेज लावून तोच दाब ताडून घ्यावा. सेन्सर किंवा त्याची तार गेलेली निघाली, तर चेंबर उघडायचा खर्च वाचतो.