सोरपोतेल तिसऱ्या दिवशीच का खुलतं?

नाताळच्या दुपारी गोव्यातल्या ख्रिस्ती घरात जे वाढलं जातं, त्यातलं बरंचसं त्या दिवशी शिजवलेलं नसतंच. केकमधली सुकी फळं कित्येक आठवडे रममध्ये मुरलेली असतात. दोदोल, नेवऱ्या, कुलकुल हा सगळा कुसवार, म्हणजे नाताळचा गोड फराळ, डिसेंबरच्या मध्यापासून डब्यांत भरायला लागतो. सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, २२ किंवा २३ तारखेलाच शिजून तयार असतं. म्हणून तर २४ च्या मध्यरात्री स्वयंपाक करणारीलाही निवांतपणे मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जाता येतं आणि दुसऱ्या दिवशी घरभर पाहुणे आले तरी तिची धांदल उडत नाही.

आधी करून ठेवलेलं अन्न म्हणजे तडजोड, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. काही पदार्थांच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. तिथे ठेवून देणं हीच पाककृतीतली एक पायरी असते. कुठला पदार्थ आठवडाभर आधी करावा, कुठला दोन दिवस आणि कुठला अगदी आयत्या वेळी, हे पाणी, आम्ल आणि स्टार्च या तिघांवर ठरतं. सणाचा बेत याच हिशेबाने आखला तर तो सोपाही होतो आणि देखणाही.

सोरपोतेलच घ्या. डुकराचं मांस आणि काळीज अर्धवट उकडायचं, बारीक चौकोनी तुकडे करून त्याच्याच चरबीत परतायचं. मग लाल मिरच्या, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, आलं-लसूण हे सगळं माडाच्या सुरेपासून बनवलेल्या व्हिनेगरमध्ये वाटून त्या मसाल्यात मंद आचेवर शिजवायचं. शिजल्या शिजल्या चाखलं तर प्रत्येक चव सुटी लागते. व्हिनेगर पुढे येतं, काळजाचा उग्रपणा वेगळा जाणवतो. तिसऱ्या दिवशी तेच पातेलं एकजीव झालेलं असतं.

यामागे एकाहून अधिक गोष्टी आहेत. मिरचीतलं कॅप्सेसिन, मिरीतलं पायपेरीन, लवंगेतलं युजेनॉल हे रेणू पाण्यापेक्षा चरबीत सहज विरघळतात. त्यांना मसाल्याच्या कणांतून सुटून सगळ्या चरबीत पसरायला वेळ लागतो. मीठ आणि आम्ल पाण्याच्या वाटेने मांसाच्या आत शिरतात, तेही संथपणे. लसणाच्या गंधकयुक्त संयुगांचा तीव्र वास हळूहळू मावळतो. शिवाय मांसाच्या कातडीत आणि स्नायूंच्या आवरणात कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन असतं. ते ७० अंश सेल्सियसच्या वर, ओलाव्यात, बराच वेळ राहिलं की त्याचं जिलेटिन होतं. म्हणूनच थंड झाल्यावर रस्सा थिजतो आणि पुन्हा गरम केल्यावर पातळ न राहता तुकड्यांना लपेटून बसतो. वसई आणि मुंबईतल्या ईस्ट इंडियन, म्हणजे तिथल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांतलं इंदयाल किंवा गोव्याचं विंदालू दुसऱ्या दिवशी चढतं, त्याचंही कारण हेच.

पण मांस तीन दिवस टिकतं कसं? इथे व्हिनेगरची करामत फार सुंदर आहे. त्यातलं अ‍ॅसिटिक आम्ल दुर्बल असतं, म्हणजे त्याचे बरेचसे रेणू अखंडच राहतात, त्यांचे आयन होत नाहीत. असा अखंड, विद्युतभार नसलेला रेणू जीवाणूच्या पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरतो. आत आम्लता कमी असल्याने तो तिथे फुटतो आणि हायड्रोजन आयन सोडतो. ते बाहेर उपसण्यातच जीवाणूची ऊर्जा संपते आणि त्याची वाढ थांबते. रश्श्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त) ४.६ च्या खाली असेल तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जीवाणूही वाढू शकत नाही.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात थक्क करते. फ्रिज नसण्याच्या काळात गोव्यातल्या बायका सोरपोतेल रोज एकदा खळखळून उकळायच्या. आयरिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८७७ मध्ये लंडनमध्ये जे शोधून काढलं, त्याच्याशी या रिवाजाचं जवळचं नातं आहे. वाळलेल्या गवताचे अर्क कितीही उकळले तरी पुन्हा नासतात, हे पाहून ते हैराण झाले होते. उत्तर बीजाणूंमध्ये होतं. उकळत्या पाण्यात जीवाणू मरतो, पण त्याचा कवचबंद बीजाणू तगून राहतो. टिंडल यांनी अर्क उकळला, थांबले आणि पुन्हा उकळला. मधल्या वेळात बीजाणूंना अंकुर फुटून त्यांचे नाजूक जीवाणू झाले आणि पुढच्या उकळीत ते मेले. हेच काही वेळा केलं की द्रव निर्जंतुक होतो. या पद्धतीला आज टिंडलायझेशन म्हणतात.

तरीही फ्रिज असताना पातेलं ओट्यावर ठेवू नये, हे मी आग्रहाने सांगेन. टिंडल यांच्या बंद नळ्यांत डाव जात नव्हता. प्रत्येक हातचं सोरपोतेल सारखं आंबट नसतं. आणि काही जीवाणूंची विषं उकळूनही नष्ट होत नाहीत.

खरी जोखीम शिजवताना नसते, निववताना असते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स हा जीवाणू मांसाच्या मोठ्या पातेल्यांत हमखास सापडतो. त्याचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात आणि अन्न ४३ ते ४५ अंशांच्या आसपास रेंगाळलं की त्याची संख्या सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. अमेरिकेच्या अन्नसुरक्षा नियमावलीत म्हणूनच घड्याळ लावून दिलं आहे: ५७ वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत. घरी हे जमवायला भौतिकशास्त्राचा एक नियम पुरतो. घट्ट पदार्थातून उष्णता बाहेर पडायला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दहा सेंटिमीटरचा थर पाचचा केला तर वेळ निम्मा होत नाही, जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून मोठं पातेलं तसंच झाकून ठेवण्याऐवजी सोरपोतेल पसरट, उथळ स्टीलच्या डब्यांत काढा, डबे थंड पाण्याच्या परातीत ठेवा आणि वाफ ओसरली की फ्रिजमध्ये टाका. तांब्या-पितळेचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं भांडं मात्र नको, व्हिनेगर धातू विरघळवतं.

सगळंच मांस असं मुरत नाही. आदल्या दिवशी भाजलेली कोंबडी किंवा टर्की गरम केली की ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. शिजताना स्नायूंतलं लोह मोकळं होतं आणि त्याच्या मदतीने पेशींच्या पडद्यांतली असंतृप्त मेदाम्लं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात. पक्ष्यांच्या मांसात अशी मेदाम्लं जास्त. रश्श्यात बुडालेल्या तुकड्यापर्यंत हवा कमी पोहोचते आणि लवंग-दालचिनीतली संयुगं ही क्रिया मंदावतात. त्यामुळे भाजणं आयत्या वेळी ठेवा. कोंबडीला मीठ-मसाला लावून ती फ्रिजमध्ये ठेवण्याचं काम मात्र आदल्या रात्रीच उरका.

कुसवाराचं गणित निराळं, तिथे राखण साखर करते. जीवाणूला नुसतं पाणी असून भागत नाही, ते त्याला वापरता आलं पाहिजे. साखर पाण्याचे रेणू धरून ठेवते. शुद्ध पाण्याची ‘जलक्रियाशीलता’ १ धरली, तर बहुतेक जीवाणूंना ०.९१ च्या वरची लागते. गूळ आणि नारळाचं दूध तासन्‌तास आटवलेलं दोदोल किंवा साखर-रमने भरलेला फळांचा केक त्यांच्यासाठी कोरडं रानच असतं. २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या गोव्याच्या बेबिंका या थरांच्या केकचा प्रत्येक थर खालचा भाजून झाल्यावरच ओतला जातो. पाणी असं थराथराने उडत जातं.

स्टार्चवाल्या पदार्थांना मात्र घाई चालते, वाट पाहणं नाही. सान्ना (तांदळाच्या इडलीसारख्या वाफवलेल्या), फुगे (पिठाचे तळलेले गोळे), पाव शिजताना त्यांचे स्टार्चकण पाणी पिऊन फुगतात. थंड झाल्यावर त्या रेणूंच्या साखळ्या पुन्हा जुळून घट्ट होतात, आणि हे फ्रिजच्या तापमानाला सर्वात वेगाने घडतं. म्हणून पाव फ्रिजमध्ये बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो. फ्रीझरमध्ये ही क्रिया जवळजवळ थांबते. तेव्हा सान्ना आधी करायच्याच असतील तर निवल्याबरोबर थेट फ्रीझरमध्ये टाका आणि जेवणाआधी पुन्हा वाफवा. ६० अंशांच्या वर जुळलेल्या साखळ्या बऱ्याच सुटतात आणि सान्ना मऊ होतात.

पुलाव मात्र त्याच दिवशी शिजवा. तांदळातल्या बॅसिलस सेरिअसचे बीजाणू शिजवूनही उरतात. भात कोमट राहिला तर त्यांपासून वाढलेले जीवाणू उलटी करवणारं विष तयार करतात, आणि ते १२१ अंशांवर दीड तास तापवलं तरी टिकतं. भात पुन्हा गरम करून त्या विषाचं काहीच बिघडत नाही.

गोडासाठी थोडक्या कष्टात सर्वात रुबाबदार पदार्थ हवा असेल तर कॅरॅमल पुडिंग. ते २४ च्या सकाळी करावं. भांड्याच्या तळाशी कडक झालेलं कॅरॅमल रात्रभरात पुडिंगमधलं पाणी ओढून घेऊन पातळ होतं, आणि थंडाव्याने अंड्या-दुधाची जाळी घट्ट बसते. घाईघाईत त्याच दिवशी काढलं तर निम्मं कॅरॅमल तळालाच चिकटून राहतं. २५ ला फक्त कडेने सुरी फिरवायची आणि ताटलीत उलटं करायचं.