पाइक सरकारने सोडलेला नाही

"सरकारच तळ्यात पाइक सोडतं आणि आपला ट्राउट संपवतं." अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात गळ टाकणाऱ्यांची ही जुनी तक्रार. पाइक म्हणजे इतर मासे खाणारा दातेरी मासा, आणि ट्राउट हा त्यांचा आवडता मासा. चिंता रास्त आहे, पण मासा ओळखण्यात गफलत होते.

राज्याचा मत्स्यविभाग सोडतो तो टायगर मस्की. पाइकचाच भाऊबंद असलेला मस्कीलंज आणि नॉर्दर्न पाइक (म्हणजे तक्रारीतला पाइक) यांचा हा संकर खेचरासारखाच वांझ असतो. १९८८मध्ये तो पहिल्यांदा मेफील्ड तलावात सोडला. त्याची प्रजा वाढत नाही. सोडणं थांबवलं की काही वर्षांत तो संपतो. म्हणून तर तो निवडला.

मासा हातात आला की अंगावरची नक्षी बघा. फिकट अंगावर गडद उभे पट्टे असतील तर टायगर मस्की. गडद हिरव्या अंगावर फिकट ठिपक्यांच्या ओळी असतील तर पाइक. जबडा आणि दात दोघांचेही सारखेच भयंकर, त्यामुळे घोटाळा होतो.

पाइक मात्र या राज्यात निषिद्ध आहे. तो माँटाना राज्यातून नदीवाटे आला, काही ठिकाणी लोकांनी चोरून सोडला. त्याला संपवायला पेंड ओरेल नदीत २०१२पासून जाळी लावली जातात. ग्रँड कूली धरणामागच्या लेक रूझवेल्ट जलाशयावर तर कॉलव्हिल आदिवासींनी पाइकच्या एका मुंडक्याला १० डॉलर दिले. ग्रँड कूली आणि त्यापुढच्या चीफ जोसेफ धरणाखाली तो उतरला, तर सॅमनची पिल्लं त्याच्या तोंडी जातील. ट्राउटवर जीव असणाऱ्यांनी खरं तर या जाळ्यांच्या बाजूने उभं राहायला हवं.