तत्त्वोपप्लवसिंह

जयराशिभट्टाचा संस्कृत ग्रंथ. पंडित सुखलालजी संघवी व रसिकलाल परीख यांनी संपादिलेला हा ग्रंथ 1940 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत (क्र. 87) प्रसिद्ध झाला. चार्वाकमत (परलोक न मानणारे भौतिकवादी दर्शन) एरवी विरोधकांच्या खंडनातूनच कळते; त्या परंपरेशी जोडता येणारा स्वतंत्र ग्रंथ बहुधा हा एकच उरला आहे. त्याची तालपत्रावरील पोथी, तेव्हा बडोदे संस्थानात असलेल्या पाटणच्या ग्रंथभांडारात, 1926 मध्ये मिळाली. ती तेराव्या शतकाच्या अखेरची दिसते.

काळ : जयराशी बौद्ध तार्किक धर्मकीर्तीचे मत खोडतो, म्हणून तो सातव्या शतकानंतरचा; जैन तार्किक विद्यानंद तत्त्वोपप्लववाद्यांचा (कोणतेच तत्त्व सिद्ध होत नाही असे म्हणणाऱ्यांचा) उल्लेख करतो, म्हणून त्याच्या आधीचा. सुखलालजी आठवे शतक धरतात. या ग्रंथाचे अभ्यासक एली फ्रँको यांनी 1987 मध्ये सुचविलेला सुमारे 770–830 हा काळ अधिक ग्राह्य वाटतो.

युक्तिवाद : जयराशी ईश्वरापासून नव्हे, प्रमाणांपासून (ज्ञानाच्या साधनांपासून) आरंभ करतो. नैयायिक (न्यायदर्शनाचे अनुयायी) प्रत्यक्षाला, म्हणजे इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाला, ‘अव्यभिचारी’ (न चुकणारे) म्हणतात. पण ज्ञान चुकीचे नाही हे कळणार कशावरून? ते निर्दोष इंद्रियांतून उपजले म्हणून, असे म्हणावे, तर इंद्रियाची निर्दोषता डोळ्यांना दिसत नाही. ज्ञानाच्या खरेपणावरून ती ठरवावी, तर अन्योन्याश्रय होतो (दोन्ही गोष्टी एकमेकींवरच टेकतात). पुढे बाध आला नाही (ते खोटे ठरले नाही) म्हणून, असे म्हणावे, तर मृगजळ पाहणारा जवळ न जाताच दुसरीकडे निघून गेला, तरीही बाध येत नाही. प्रवृत्ती (त्या ज्ञानावरून केलेली कृती) सफल झाली म्हणून, असे म्हणावे, तर ती सफलताही पुन्हा ज्ञानानेच कळायची. प्रत्यक्ष असे डळमळले की त्यावर उभे असलेले अनुमान कोसळते, आणि आत्म्याची अनुमानेही टिकत नाहीत. वेदाचे अपौरुषेयत्वही त्याला मान्य नाही. ‘परलोकिनोऽभावात् परलोकाभावः’ (परलोकी जाणारा नाही, म्हणून परलोक नाही) हे बार्हस्पत्य सूत्र (चार्वाकमताचा प्रवर्तक मानल्या गेलेल्या बृहस्पतीचे) तो उद्धृत करतो. व्यवहारात मात्र लौकिक मार्गाने चालावे, असे तो आरंभीच म्हणतो.

वर्गीकरण : सुखलालजी त्याला चार्वाक परंपरेत बसवतात, देवीप्रसाद चट्टोपाध्याय व रामकृष्ण भट्टाचार्य यांना हे मान्य नाही. चार महाभूतेही सिद्ध होत नाहीत असे म्हणणाऱ्याला भौतिकवादी कसे म्हणावे, ही त्यांची अडचण रास्त आहे. तरीही बृहस्पतीची सूत्रे तो आदराने घेतो, आणि समारोपात सुरगुरूच्याही (बृहस्पतीच्याही) बुद्धीला न गवसलेले विकल्प (युक्तिवादातील पर्याय) येथे आहेत असे सांगतो. त्या परंपरेतूनच तो तिच्या पुढे गेला असावा.