दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्दशोध

दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्दशोध : हाती आलेल्या काही इंग्रजी अक्षरांचा क्रम बदलून किंवा त्यांतील काहीच अक्षरे निवडून कोशमान्य शब्द तयार करण्याची क्रिया. दिलेली सर्व अक्षरे वापरून एका शब्दातून दुसरा शब्द घडवला, तर त्यास ‘ॲनाग्राम’ म्हणतात. शब्दशोधात मात्र लहान शब्दही चालतात. सामान्य नियम असा, की एखादे अक्षर दिलेल्या संचात जितक्या वेळा असेल त्याहून अधिक वेळा वापरता येत नाही. ‘स्पेलिंग बी’ या सात अक्षरांच्या कोड्यात हा नियम सैल आहे. तेथे अक्षर पुन्हा पुन्हा वापरता येते, पण मधले अक्षर प्रत्येक शब्दात असावेच लागते.

इंग्रजीत हा शोध मुख्यतः डोळ्यांचा आहे, कानांचा नव्हे. एल, आय, एस, टी, ई, एन या सहा अक्षरांतून ‘लिसन’, ‘सायलेंट’, ‘एनलिस्ट’ आणि ‘टिन्सल’ असे चार शब्द निघतात. उच्चार ऐकून यांचे नाते कोणाच्याही ध्यानात येणार नाही, कारण ‘लिसन’मधला टी तर मुळी उच्चारलाच जात नाही. देवनागरीत मात्रा व्यंजनाला चिकटून येते. इंग्रजीत स्वर आणि व्यंजन सुटे, स्वतंत्र अक्षर म्हणून मांडले जातात, म्हणून त्यांना सोंगट्यांप्रमाणे हलवता येते.

अडचण संख्येची आहे. सात वेगवेगळी अक्षरे ५,०४० प्रकारे मांडता येतात आणि दोन ते सात अक्षरांच्या सर्व मांडण्या धरल्या तर त्या १३,६९२ होतात. नऊ अक्षरांच्या पूर्ण मांडण्याच ३,६२,८८० भरतात. ब्रिटनमध्ये १९८२ पासून चालू असलेल्या ‘काउंटडाउन’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात नऊ अक्षरांतून सर्वांत लांब शब्द शोधण्यास फक्त ३० सेकंद मिळतात. तेवढ्यात एकेक मांडणी तपासणे कोणालाही शक्य नाही.

म्हणून सराव असलेला शोधक मांडण्या मोजत बसत नाही, तर इंग्रजी शब्दांची घडण वापरतो. आय, एन, जी ही तीन अक्षरे दिसली की ती शब्दाच्या शेवटी ठेवून उरलेल्यांकडे पाहायचे. तसेच ई-डी, ई-आर किंवा सुरुवातीचे आर-ई, यू-एन हे तुकडे वेगळे काढायचे. एस-टी, सी-एच, टी-एच यांसारख्या जोड्या एकत्र ठेवल्या की पर्याय झपाट्याने घटतात. अक्षरे वर्तुळात मांडण्याचाही उपयोग होतो, कारण सरळ ओळीत लिहिलेला क्रम मनाला धरून ठेवतो आणि नवा शब्द दिसू देत नाही.

याहून मूलभूत युक्ती वर्णक्रमाची आहे. कोशातील प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमे लावली, तर वर दिलेल्या चारही शब्दांचे ई-आय-एल-एन-एस-टी हे एकच रूप मिळते. या रूपाला खेळाडू ‘अल्फाग्राम’ म्हणतात. एकदा अशी सूची तयार झाली, की सात वेगळ्या अक्षरांसाठी १३,६९२ मांडण्यांऐवजी केवळ १२० गट शोधावे लागतात, कारण गटात क्रमाला अर्थ नसतो. ही कल्पना संगणकाच्या फार आधीची आहे. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी १६७६ मध्ये स्थितिस्थापकतेचा आपला नियम वर्णक्रमाने लावलेल्या लॅटिन अक्षरांच्या रूपात छापला आणि त्याचा उलगडा १६७८ मध्ये केला. क्रम पुसला की अर्थ किती पूर्णपणे झाकला जातो, याचे ते फार सुंदर उदाहरण आहे.

संगणकासाठी दुसरी रचना अधिक लवचीक ठरते. ‘ट्राय’ नावाच्या वृक्षरचनेत समान सुरुवात असलेले शब्द एकाच फांदीवर राहतात, त्यामुळे ज्या सुरुवातीने एकही शब्द नाही ती फांदी तत्काळ सोडता येते. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रेडकिन यांनी हे नाव १९६० मध्ये दिले. अँड्र्यू ॲपेल आणि गाय जेकबसन यांनी १९८८ मध्ये, समान शेवटही एकत्र करणारी संक्षिप्त रचना वापरून स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून शब्द जुळवण्याचा खेळ) खेळणारा अतिशय वेगवान प्रोग्रॅम मांडला.

या शोधाला जगभर पोहोचवणारा खेळ स्क्रॅबलच होय. अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकात तो रचताना वृत्तपत्रांतील अक्षरांची वारंवारता मोजली होती. इंग्रजी संचातील १०० सोंगट्यांत ई १२ वेळा येतो, तर १० गुणांचे क्यू आणि झेड एकेकदाच. एस मात्र मुद्दाम चारच ठेवला आहे, अन्यथा अनेकवचने करणे फार सोपे झाले असते. हाती असलेली सातही अक्षरे एकदम वापरल्यास ५० जादा गुण मिळतात.

अर्थ ठाऊक असणे या कौशल्यासाठी अनिवार्य नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ मध्ये, फ्रेंच बोलता येत नसतानाही, फ्रेंच भाषेतील जागतिक स्क्रॅबल स्पर्धा जिंकली. तरीही शब्द कोणता, हे शेवटी कोश ठरवतो आणि सगळे कोश एकमत नसतात. उत्तर अमेरिकेतील खेळाडूंच्या सूचीत ‘ओके’ हा दोन अक्षरी शब्द २०१८ मध्ये दाखल झाला. त्यापूर्वी हाती ओ आणि के असूनही त्या सूचीनुसार खेळणाऱ्याला तो मांडता येत नव्हता.