गवतकापणी यंत्र : देखभाल आणि सुटे भाग (बेळगाव सीमाभाग)

हिरवळीचे गवत सारख्या उंचीवर कापणारे, मागून चालत ढकलायचे यंत्र. माळी त्याला ‘लॉन मूवर’ म्हणतात, घरमालक ‘गवताची मशीन’, आणि दुरुस्तीचा मेस्त्री नुसतेच ‘मशीन’. बेळगाव परिसरात ते कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांत, टिळकवाडी-हिंदवाडीच्या बागांत, महाविद्यालयांच्या आवारांत आणि मंगल कार्यालयांत दिसते. (‘लॉन’ या शब्दाचा इकडे पहिला अर्थ लग्नाची जागा असाच झाला आहे, गवत हा दुसरा.) यंत्र साधे आहे. पेट्रोल इंजिन, त्याच्या उभ्या शाफ्टला खालून बसवलेले पाते, वर पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियमचा डेक (पाते झाकणारे आवरण), चार चाके आणि दांडा. अवघड काम आहे ते मोडलेल्या भागाच्या जागी नेमका तोच भाग मिळवण्याचे.

पूर्वपीठिका : पहिले गवतकापणी यंत्र इंग्लंडमध्ये स्ट्राउडजवळ एडविन बडिंग याने १८३० साली केले. गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणारे फिरते रूळ पाहून त्याला ते सुचले. आज सर्वत्र दिसणारे, आडवे पाते गरगर फिरवणारे ‘रोटरी’ यंत्र घरोघर पोहोचले ते १९५२ नंतर, सिडनीच्या मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसनच्या ‘विक्टा’मुळे. बेळगावला मात्र गवत कापणाऱ्या लोखंडाची ओळख त्याआधीपासून आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथे सायकलचे दुकान काढले आणि कारखानदारीकडे वळल्यावर त्यांनी आधी बनवले ते कडबा कापायचे यंत्र. लोखंडी नांगर त्यानंतरचा. ते पुढे १९१० मध्ये आजच्या किर्लोस्करवाडीला गेले, पण लेथ आणि ओतकाम गावात रुजले. उद्यमबाग, मच्छे आणि होनग्याचे कारखाने हाताशी असल्यामुळे इथला मनुष्य ‘भाग मिळत नाही’ म्हणून गप्प बसत नाही, ‘करून घेऊ’ म्हणतो. या सवयीचा फायदा होतो आणि तोटाही. दोन्ही पुढे येतील.

वर्षाचे वेळापत्रक : यंत्राबरोबर येणारी पुस्तिका थंड देशातली असते. तिच्यात हिवाळ्यात यंत्र बंद ठेवण्याचे धडे असतात. आपल्याकडे ते धडे होळीच्या सुमारास वाचायचे. गवत जोरात वाढते ते जून ते ऑक्टोबर. राकसकोपच्या, म्हणजे गावाला पाणी देणाऱ्या धरणाच्या, पाण्याची ओढ लागली की हिरवळ सुकते आणि यंत्र शेडमध्ये जाते. मोठी दुरुस्ती म्हणून रोहिणीत उरकावी. मृगाचा पाऊस पडल्यावर हरळी आठवड्यात घोट्याला लागते, आणि त्याच आठवड्यात सगळ्या गावाच्या मशीन एकाच मेस्त्रीकडे रांगेत असतात.

हंगामातली रोजची निगा थोडी आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात तेल अर्धा-पाऊण लिटरच असते, ते दर वेळी पाहावे. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनची इंजिने नवी असताना पाच तासांनी आणि पुढे ५० तासांनी तेल बदलायला सांगतात. होंडाच्या जीएक्सव्ही १६० इंजिनाला पहिला बदल २० तासांनी, नंतर १०० तासांनी. १०डब्ल्यू-३० तेल दुचाकीच्या दुकानात मिळते. एअर फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, न पिळता दाबून वाळवावा आणि त्याला तेलाचे दोन थेंब लावावेत. कागदी असेल तर फक्त झटकावा. त्याला पाणी नको नि तेलही नको. बेळगाव-खानापूरकडची तांबडी धूळ बारीक असते, त्यामुळे पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीच्या निम्म्यात फिल्टर भरतो. ओले गवत डेकखाली थापटीसारखे बसते. ते त्याच दिवशी लाकडी पट्टीने खरवडले नाही तर पत्रा दोन पावसाळ्यांत चाळणी होतो.

पाते : प्लगची टोपी काढल्याशिवाय पात्याला हात लावू नये. पाते हाताने फिरवले तरी इंजिन एखादा ठोका घेऊ शकते. यंत्र कलते करताना कार्बोरेटरची (पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागाची) बाजू वर राहील असे पाहावे; उलट केले तर तेल फिल्टरमध्ये उतरते आणि पुढच्या वेळी सुरू करताना सगळे आवार पांढऱ्या धुराने भरते. पाते आणि डेक यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून बोल्ट सोडवतात. काढण्याआधी पात्याच्या जमिनीकडच्या बाजूवर रंगाची खूण करावी. उलटे बसवलेले पाते कापत नाही, गवत नुसते झोपवते, आणि मेस्त्री त्याला धार नाही म्हणून पुन्हा पाजळून आणतो.

धार सुमारे ३० अंशांची ठेवतात. वस्तऱ्यासारखी केली तर मुरमाचा पहिला खडा लागताच दुमडते. दोन्ही टोके सारखी घासली गेली का, हे पाहायला भिंतीत खिळा ठोकून त्यावर पाते मधल्या भोकाने अडकवतात. जे टोक खाली झुकते ते जड. तेच आणखी घासायचे, तेही धारेकडून नाही, मागच्या अंगाने. तोल न साधलेले पाते दांड्याला झिणझिण्या आणते आणि शाफ्टचे बेअरिंग खाते. बोथट पात्याची खूण यंत्रात नाही, गवतात दिसते : दोन दिवसांनी शेंडे फाटल्यासारखे पांढुरके होतात.

नवे पाते घेताना तीन मापे लागतात : टोकापासून टोकापर्यंत लांबी, मधल्या भोकाचा आकार, आणि पात्याचा मधला भाग टोकांपेक्षा किती खाली आहे ते. शेवटचे माप बहुतेक जण विसरतात. ते चुकले की पाते डेकला घासते किंवा जमीन खरवडते. बोल्टही तितकाच फसवा. अमेरिकी घडणीच्या पुष्कळ इंजिनांच्या शाफ्टला ३/८ इंची, इंचाला २४ आट्यांचा बोल्ट लागतो. हाताशी असलेला १० मिमीचा बोल्ट डोळ्यांना तसाच दिसतो, पण ३/८ इंच म्हणजे ९.५ मिमी. तो पान्याने रेटून बसवला की शाफ्टचे आटे गेले, आणि बोल्टच्या किमतीऐवजी क्रँकशाफ्टची, म्हणजे त्या अख्ख्या शाफ्टची, किंमत मोजावी लागते.

नंबर कुठे वाचायचा : दुकानात नेहमी घडणारा प्रसंग असा. माळी वर्तमानपत्रात गुंडाळलेला कार्बोरेटर काउंटरवर ठेवतो. ‘असलाच द्या वो, हिरव्या मशीनचा हाय.’ दुकानदार विचारतो, ‘मशीनचा रंग नको मामा, इंजिनचा नंबर सांगा की.’ माळी परत जातो.

यंत्रावर दोन वेगळे नंबर असतात, हे कळले की निम्मे हेलपाटे वाचतात. डेकवरचा नंबर यंत्र जोडणाऱ्या कंपनीचा. चाके, दांडा, केबल, पाते आणि पात्याचा हब (पाते शाफ्टला धरणारा तुकडा) यांसाठी तो. प्लग, कार्बोरेटर, फिल्टर, कॉइल, दोरीचा स्टार्टर हे भाग इंजिनाच्या नंबरवर मिळतात. एकाच कंपनीच्या एकाच रंगाच्या दोन यंत्रांत दोन वेगळ्या कंपन्यांची इंजिने असू शकतात.

ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनावर पंख्याच्या आवरणावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे ठोकलेले असतात. कोडचे पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे महिना, त्यापुढचे दिवस : १८०४१२ ने सुरू होणारे इंजिन १२ एप्रिल २०१८ चे. मॉडेल सारखे असूनही टाइप वेगळा असला तर कार्बोरेटर बदलू शकतो, म्हणून तिन्ही आकडे लिहून न्यावेत. चिनी घडणीच्या इंजिनांवर ‘१६८एफ’, ‘१पी७०एफ’ अशी नावे असतात. १६८एफ म्हणजे एक सिलिंडर, ६८ मिमी बोर (सिलिंडरचा आतला व्यास), हवेने थंड होणारे. शेतातल्या पाण्याच्या पंपांवर असली इंजिने सर्रास असल्याने पंपवाल्याकडे मूवरचा भाग मिळेल असे वाटते, आणि प्लग मिळतोही. पण पंपाचा शाफ्ट आडवा, मूवरचा उभा. होंडाचे पंपावरचे जीएक्स १६० आणि मूवरवरचे जीएक्सव्ही १६० दोन्ही १६३ सीसीची. तरी एकाचा क्रँकशाफ्ट दुसऱ्यात जात नाही.

काही भागांना मात्र कंपनी विचारावीच लागत नाही. बेअरिंगवरचा आकडा जगभर एकच : ६२०२ म्हणजे १५ मिमी भोक आणि ३५ मिमी बाहेरचा व्यास, ६२०३ म्हणजे १७ आणि ४०. रबरी सीलचे घ्यावे, कारण हे यंत्र दवात आणि धुळीत फिरते. स्वतःहून चालणाऱ्या यंत्राच्या पट्ट्यावर छापलेला नंबर पुसला असेल तर जुना पट्टा, तुटलेला का होईना, सोबत न्यावा. तो ताणलेला असतो हे धरूनच दुकानदार माप काढतो. स्टार्टरची दोरी कपडे वाळत घालायच्या नायलॉनची चालत नाही, ती पुलीत फुगते. विणलेली, मूळच्याच जाडीची घ्यावी.

करून घ्यावे असे आणि नसे : चाकाचा बुश, दांड्याचे नट-बोल्ट, पट्ट्याची पुली, डेकला पडलेली चीर, ही कामे उद्यमबागेतला कोणताही चांगला टर्नर किंवा वेल्डर करतो, आणि पुष्कळदा मूळ भागापेक्षा मजबूत करतो. दोन भाग मात्र करून घेऊ नयेत.

पहिला पाते. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचे पोलाद घेऊन लोहाराकडून पाते करवण्याची युक्ती माहीतगार म्हणवणारे लोक सुचवतात. पाट्याचे पोलाद कडक असते, दगडावर आदळले की वाकायच्या ऐवजी तुटते. ५३ सेंटीमीटरचे पाते मिनिटाला ३,००० फेरे घेते तेव्हा त्याचे टोक ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगाने जात असते. तुटलेला तुकडा कुठे जाईल हे त्यावरून समजावे.

दुसरा भाग बोटाच्या पेराएवढा आहे : फ्लायव्हीलची चावी, म्हणजे इंजिनाचे जड चाक शाफ्टवर जागेवर धरणारी पट्टी. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनांत ती मुद्दाम मऊ धातूची ठेवलेली असते. पाते दगडावर आदळून थबकले की चावी कातरली जाते, फ्लायव्हील किंचित सरकते, ठिणगीची वेळ चुकते आणि इंजिन सुरू होत नाही. कधी दोरी हाताला उलटा हिसका देते. मेस्त्री आधी प्लग बदलतो, मग कार्बोरेटर धुतो, आणि तिसऱ्या दिवशी फ्लायव्हील काढून पाहतो, तर चावी अर्धी सरकलेली. ‘कसली मऊ चावी घातली हो कंपनीने’ म्हणत लेथवाला हौसेने पोलादाची करून देतो. पुढच्या दगडाला चावी टिकते, वाकतो तो क्रँकशाफ्ट. मऊपणा हेच या चावीचे काम आहे.

असाच खेळ दांड्यावरच्या लिव्हरशी चालतो. हात सुटताच पाते थांबावे म्हणून ती असते. अमेरिकेत १९८२ पासून पाते तीन सेकंदांत थांबलेच पाहिजे असा नियम आहे. इकडे केबल ताणली गेली की नवी आणण्याऐवजी लिव्हर सुतळीने दांड्याला बांधतात. स्कूटरच्या दुकानातली ब्रेक केबल कापून, टोकाला पितळी गुंडी डागून ही केबल तासाभरात होते, त्यामुळे सुतळीला सबब उरत नाही.

पेट्रोल : पंपावरचे पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचे आहे. चिकोडी-अथणी पट्ट्यातल्या ज्या उसाने जिल्हा गोड झाला, त्याच्या मळीतूनही ते बनते. ते हवेतले पाणी ओढून घेते. पावसाळी हवेत महिनाभर टाकीत राहिले की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी भुकटी धरते आणि जेटचे (पेट्रोल जाण्याच्या नळीचे) केसाएवढे भोक बुजते. लहान इंजिनांचे बहुतेक उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच मान्यता देतात. तेव्हा लागेल तेवढेच पेट्रोल आणावे, आणि यंत्र ठेवताना टाकी रिकामी करून वाटीतले उरलेलेही बंद पडेपर्यंत जाळावे. बुजलेल्या जेटमध्ये सुई घालू नये, भोक मोठे होते. वायरीतली तांब्याची एकच तार आणि हवेचा फुंकर पुरतो.

इतर प्रकार : विजेवरच्या लहान यंत्रात तीनच गोष्टी बिघडतात : कार्बन ब्रश, कपॅसिटर आणि स्वतःच कापून टाकलेली वायर. पहिल्या दोन मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळतात. हाताने ढकलायच्या रुळाच्या यंत्रात फिरती पाती आणि खालची स्थिर पट्टी यांत वर्तमानपत्राचा कागद सगळ्या लांबीत स्वच्छ कापला जावा, एवढे जुळवले की झाले. खानापूरकडच्या उतारांवर आणि काजूच्या बागांत मूवर कुचकामी. तिथे ब्रश कटर (हातात धरून गवत-झुडपे कापायचे यंत्र) चालतो आणि त्याचे भाग फवारणी पंपाच्या दुकानांत टांगलेलेच असतात.

भाग कुठे मिळतात : बेळगावात न मिळालेला भाग कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा हुबळीत शोधतात. दुकानदार कन्नड बोलणारा असला तरी अडत नाही, गवताला तो ‘हुल्लु’ म्हणेल, पण कार्बोरेटर, पुली आणि बेअरिंग दोन्ही भाषांत तेच. फोनवर फोटो पाठवताना भागाशेजारी पट्टी ठेवावी, नाहीतर नुसत्या फोटोवरून माप कळत नाही. इंजिनावरचा स्टिकर तिसऱ्या पावसाळ्यात कोरा होतो. म्हणून जाणते माळी यंत्र नवे असतानाच सगळे आकडे शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवतात.